पहिल्या दिवसाचा तक्ता कसा वाचायचा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बर्म्युडा बाउलचा, म्हणजे ब्रिजच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा, तक्ता यंदा पहिल्या फेरीपासून बघायचा ठरवलं आहेस, याचा फार आनंद झाला. तू विचारलंस की गुणांमध्ये दशांश कुठून येतात, आणि तीन फेऱ्यांनंतर चोवीस संघांत सतराव्या जागी असलेल्या संघाची आशा सोडून द्यायची का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजिबात सोडायची नाही. पण त्यामागचा हिशेब कळल्याशिवाय हे उत्तर तुझ्या उपयोगाचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रचना. ही स्पर्धा १९५० मध्ये बर्म्युडात तीन संघांवर सुरू झाली. आता २४ संघ असतात, प्रत्येक संघ इतर सगळ्यांशी एकदा खेळतो, म्हणजे २३ सामने, सामन्यात १६ बोर्ड (आधीच वाटून ठेवलेले डाव). दिवसाला तीन सामने, त्यामुळे साखळीलाच आठ दिवस लागतात. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. प्रत्येक सामना दोन खोल्यांत चालतो. खुल्या खोलीत एका संघाची जोडी उत्तर-दक्षिण बसते, बंद खोलीत त्याच संघाची दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. बोर्ड दोन्हीकडे तेच, पानं तीच. पानं वाईट आली ही तक्रार इथे चालत नाही, कारण तीच पानं दुसऱ्या खोलीत विरोधकांच्याही हातात असतात.

आता गुण. समजा व्हल्नरेबल असताना (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असताना) आपल्या जोडीने चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करायची बोली, बोलून दहा हात केले: ६२०. दुसऱ्या खोलीत विरोधकांनीही दहाच हात केले, पण ते दोन इस्पिकवर थांबले होते: १७०. फरक ४५०. हा फरक तसाच्या तसा मिळत नाही, तो आयएमपीच्या (इंटरनॅशनल मॅच पॉइंटच्या) कोष्टकातून जातो. ४३० ते ४९० ला १० आयएमपी, २० ते ४० ला फक्त १, आणि ४००० च्या वर काहीही झालं तरी २४. म्हणजे एखाद्या बोर्डवर कितीही अनर्थ झाला तरी त्याला मर्यादा आहे.

सोळा बोर्डांचे आयएमपी मिळवून जो फरक उरतो तो पुन्हा दुसऱ्या कोष्टकातून व्हिक्टरी पॉइंट होतो. तुझे दशांश इथे जन्मतात. सामन्यात एकूण २० गुण, बरोबरी झाली तर १०–१०. पूर्वी ३० गुण असत, एका संघाला जास्तीत जास्त २५, आणि सगळे पूर्णांक. एका आयएमपीने पायरी चुकली की अख्खा गुण जायचा. आताची मोजपट्टी सलग आहे: १ आयएमपीने जिंकलास तर १०.३१, १० ने १२.८०, २० ने बरोबर १५, ४० ने १८.०९, आणि ६० किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण २०. नीट बघ: पहिल्या वीस आयएमपींना ५ गुण मिळाले, पुढच्या वीसांना ३.०९, त्याच्या पुढच्या वीसांना १.९१. साठाच्या पुढे काहीच नाही. तक्त्यावरचे निम्मे गोंधळ या वळणाने होतात.

उदाहरण घे. तीन सामन्यांत एका संघाने एकदा ७५ ने धुव्वा उडवला, मग ८ ने आणि १० ने हरला. एकूण आयएमपी अधिक ५७. गुण: २०, ७.७१ आणि ७.२०, मिळून ३४.९१. दुसरा संघ १८, १७ आणि २२ ने जिंकला. त्याचेही एकूण अधिक ५७, पण गुण १४.६०, १४.३९ आणि १५.३८, मिळून ४४.३७. आयएमपी तेवढेच, आणि तक्त्यावर साडेनऊ गुणांचं अंतर! तीन फेऱ्यांनंतर हे अंतर सात-आठ जागांचं सहज होतं. म्हणून क्रमांकाच्या शेजारी आयएमपीचा रकाना असेल तर आधी तो बघत जा. पात्रता मात्र व्हिक्टरी पॉइंटांवरच ठरते, तेव्हा सातत्याने थोड्या फरकाने जिंकणाऱ्या संघाला फायदा मिळतो, आणि माझ्या मते तो मिळायलाच हवा.

दैवाचं म्हणशील तर त्याचं मापही काढता येतं. समजा एका बोर्डवर दोन संघांतला फरक साधारण ६ आयएमपी इकडे-तिकडे होतो, आणि एक संघ खरोखरच बोर्डमागे अर्ध्या आयएमपीने सरस आहे. तीन सामन्यांत बोर्ड ४८. कौशल्याचे मिळायला हवेत २४ आयएमपी. चढउतार मात्र ६ गुणिले ४८ चं वर्गमूळ, म्हणजे ४१ च्या वर. असा सरस संघ पहिल्या दिवसाअखेर उणे आयएमपीवर असण्याची शक्यता चारांत एकाहून थोडी जास्त आहे. तोच हिशेब २३ सामन्यांना, म्हणजे ३६८ बोर्डांना लाव: कौशल्याचे १८४, चढउतार ११५. आता उणे राहण्याची शक्यता अठरांत एक इतकी खाली येते. बोर्ड वाढले की कौशल्य सरळ वाढतं, दैव वर्गमुळाने. व्हिक्टरी पॉइंटची मोजपट्टीही याच तत्त्वावर आहे: पूर्ण २० साठी लागणारा फरक म्हणजे १५ गुणिले बोर्डांचं वर्गमूळ. १६ बोर्डांना ६०, २० बोर्डांना ६७. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत दहाच बोर्डांचे सामने असले तर ४७ लाच पूर्ण गुण मिळतील, तेव्हा दोन स्पर्धांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करू नकोस.

मोठे फरक कुठे पडतात? स्लॅमवर, म्हणजे बारा किंवा तेरा हातांच्या बोलीवर, हे तुला माहीत आहेच. व्हल्नरेबल असताना एकाने सात इस्पिक बोलून एक हात कमी केला (उणे १००) आणि दुसऱ्या खोलीत सहा बोलून बारा झाले (१४३०), तर फरक १५३०, म्हणजे १७ आयएमपी. बाकीचे पंधरा बोर्ड सारखे सुटले तरी या एका बोर्डवर सामना १४.३९–५.६१ होतो. कमी हातांच्या अर्धवट बोलीला डबल देऊन (ती बुडेल अशी पैज लावून) ती पूर्ण झाली तरी तसंच: व्हल्नरेबल दोन बदाम डबल पूर्ण झाले की ६७०, दुसऱ्या खोलीत डबल नसताना ११०, फरक ५६०, ११ आयएमपी.

गेमच्या, म्हणजे चार इस्पिकसारख्या मोठं बक्षीस देणाऱ्या, बोलीचं गणित मात्र लोक विसरतात. व्हल्नरेबल असताना तंग चार इस्पिक बोललास आणि झाले तर १० आयएमपी मिळतात. एक हात कमी पडला आणि दुसऱ्या खोलीत नऊ हात करून १४० घेतले, तर फरक २४०, जातात ६. म्हणजे ३७–३८ टक्के शक्यता असली तरी बोलणं बरोबर आहे. व्हल्नरेबल नसताना मिळतात ६, जातात ५, तेव्हा ४५ टक्के लागतात. त्यामुळे चांगले संघ व्हल्नरेबल असताना ढोबळमानाने दहांतले सहा असे गेम बुडवूनही योग्यच खेळलेले असतात. ते सहा पहिल्याच दिवशी ओळीने आले, तर तक्त्यावर संघ तळाला दिसणार.

एक बोर्ड जवळून दाखवतो, म्हणजे ओळीतल्या एका आयएमपीचा अर्थ कळेल. चार इस्पिकचा डाव, हुकुमात तुझ्याकडे एक्का, राजा, दहा, नव्वी आणि एक लहान, डमीत (भिडूच्या उघड्या पानांत) चार लहान. बाहेर राणी, गुलाम आणि दोन लहान. समज, बाजूच्या पानांत दोन हात जाणारच आहेत, म्हणजे हुकुमात फक्त एक हात सोडता येतो. घाई करून एक्का-राजा ओढलास तर २–२ वाटणीत (सुमारे ४१ टक्के) सगळी हुकुमं गोळा होतात आणि एक जादा हात मिळतो. पण तुझ्या उजवीकडच्याकडे चारही असली (सुमारे ५ टक्के) तर दोन हात जातात आणि डाव बुडतो. सुरक्षित खेळ असा: डमीतून लहान पान खेळायचं, उजवीकडून लहान आलं की हातातून नव्वी लावायची. नव्वी राणीला किंवा गुलामाला पडली तर बाहेर दोनच हुकुमं उरतात, ती एक्का-राजात येतात. डावीकडच्याने दुसऱ्या रंगाचं पान टाकलं तर नव्वी हात घेते आणि उजवीकडच्याला पुढे एकच हात मिळतो. हा खेळ मात्र तू आत्ता डमीत असशील आणि तिथे परत जायची वाट नसेल तेव्हाचा. ३–१ वाटण्यांत या खेळाने तोटा होत नाही, उजवीकडे राणी-गुलाम दोन्ही असतील तर उलट एक हात वाचतो. उरला हिशेब: फार तर ४१ वेळा १ आयएमपी द्यायचा, ५ वेळा १२ मिळवायचे (६२० विरुद्ध उणे १००, फरक ७२०). खेळ फायद्याचाच आहे. तेव्हा स्कोअरपत्रकावर एखाद्या संघाने चार-पाच बोर्डांवर एकेक आयएमपी दिलेला दिसला, तर ढिला खेळ म्हणू नकोस. बहुधा ते विम्याचे हप्ते असतात.

आता सतराव्या जागेकडे येऊ. क्रमांक बघितल्यावर लगेच आडव्या-उभ्या तक्त्यावर जा आणि त्या संघाच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची नावं काढ. साखळीत सामन्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो. पहिल्या दिवशी तीन बलाढ्य संघ वाट्याला आले असतील आणि २५–२६ गुण जमले असतील, तर ती चांगली सुरुवात आहे. उलट वरच्या चारांतल्या एखाद्याने तळाच्या तिघांना हरवलं असेल, तर त्याची खरी परीक्षा पुढे आहे. स्विस पद्धतीत हे वेगळं असतं: तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून सारख्या गुणांचे संघ समोरासमोर येतात, म्हणून वरची जागा टिकवणं जास्त अवघड आणि तळातून वर येणं सोपं.

लक्ष्य किती, तेही मनात असू दे. २३ सामन्यांची सरासरी २३०. आठांत यायला साधारण सामन्यामागे ११ ते १२ गुण पुरतात, म्हणजे २५३ ते २७६ च्या मध्ये कुठेतरी रेघ पडते. तीन सामन्यांत २६ झाले असतील, तर उरलेल्या वीसांत ११.७ च्या सरासरीने २६० होतात. सरासरी ११.७ म्हणजे सामना सुमारे ६ आयएमपीने जिंकणं. चांगल्या संघाला हे जमण्यासारखं आहे.

कोण खेळलं हेही बघ. संघात सहा जण असतात, तीन जोड्या, एका वेळी दोन बसतात. कोणती जोडी बसवायची हे न खेळणारा कर्णधार ठरवतो. पहिल्या दिवशी तिन्ही जोड्यांना टेबलाची सवय व्हावी म्हणून कर्णधार अदलाबदल करतात. पडद्यामागे खेळताना लय वेगळी असते: उत्तर आणि पूर्व एका बाजूला, दक्षिण आणि पश्चिम दुसऱ्या बाजूला, बोली तबकातून सरकते, अर्थ लिहून विचारायचा. भिडू समोर दिसत नाही. रुळायला वेळ लागतो, आणि वेळ जास्त घेतला तर दंडाचे गुणही कापले जातात. जोड्यांची क्रमवारीही निघते, सगळ्या टेबलांच्या सरासरीशी तुलना करून. तीन सामन्यांनंतर तिला काडीचं महत्त्व देऊ नकोस. दहा-बारा सामन्यांनंतर मात्र ती बोलायला लागते, आणि कर्णधार शेवटच्या दिवसांत कोणाला बसवेल याचा अंदाज तिथूनच येतो.

रात्री पाहिलेला आकडा सकाळी बदललेला दिसला तर दचकू नकोस. कधी स्कोअर उलट्या बाजूला नोंदलेला असतो, उत्तर-दक्षिणचे ६२० पूर्व-पश्चिमला जातात. एका बोर्डवर १५-२० आयएमपी दिसले आणि इतर सगळ्या टेबलांवर तोच निकाल उलट दिशेला असला, तर हीच शंका घे. कधी निर्णय मागाहून येतो: भिडूने रेंगाळून पास दिला, त्यावरून बोली झाली, किंवा अर्थ चुकीचा सांगितला गेला. अशा वेळी पंच भारित निकाल देतात, म्हणजे अमुक टक्के डाव झाला, तमुक टक्के बुडाला असं धरून त्या-त्या प्रमाणात आयएमपी. बोर्ड खेळताच आला नाही तर निर्दोष बाजूला ३ आयएमपी. त्यानंतर फेरविचाराचा अर्ज होऊ शकतो. म्हणून सामना संपल्या-संपल्या दिसणारा आकडा कच्चा समज.

आणखी एक गोष्ट जपून ठेव: प्रत्येक सामन्याचा आयएमपी फरक. साखळीअखेर दोन संघांचे गुण सारखे झाले तर आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात, आणि बाद फेरीत तेच दोन संघ समोर आले तर साखळीतल्या त्या फरकाचा काही अंश पुढे चालतो. पहिल्या दिवशी ३० ने हरलेला सामना उपांत्यपूर्व फेरीत दहा-पंधरा आयएमपींचं ओझं होऊन परत येऊ शकतो. वरच्या संघांना आठांतल्या खालच्या चारांतून प्रतिस्पर्धी निवडता येतो, आणि निवडताना कर्णधार हेच आकडे समोर ठेवतात.

सहाव्या फेरीनंतरचा तक्ता आला की प्रतिस्पर्ध्यांची यादी करून मला पाठव. उरलेले सतरा सामने कोणाशी आहेत ते मांडून बघू.

तुझा,
दिनकर