ब्रास मोजता, तशी पट्ट्याची दोरीही एकदा ओढून पाहा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक

विषय: खडी क्रशरची परवानगी देताना व नूतनीकरण करताना पट्ट्यांची जागेवर तपासणी व्हावी याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी अंबडला राहतो आणि गेली 22 वर्षे खडी क्रशरवरचे कन्व्हेअर पट्टे दुरुस्त करतो. विल्होळी, सारूळ, दिंडोरी, सिन्नर, जिथून फोन येईल तिथे पाने आणि जॉइंटचे सामान घेऊन जातो. 2027 च्या सिंहस्थाची कामे निघाल्यापासून फोन वाढलेत. क्रशर रात्रपाळीतही चालतात. खडी लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पट्ट्याखाली बसून माती उपसणाऱ्या माणसाविषयी आहे.

एका पावसाळ्यात एका क्रशरवर पेठकडून आलेला विशीतला पोरगा टेल पुलीपाशी, म्हणजे पट्टा मागे जिथे वळतो तिथे, साचलेली ओली कच (दगडाचा बारीक चुरा) फावड्याने काढत होता. पट्टा चालू होता. फावडे पुली आणि पट्ट्याच्या सांध्यात गेले आणि त्याच्यामागे हात. पट्टा सेकंदाला दीड मीटर धावत असेल, तर हात मागे घ्यायचे मनात येईपर्यंत कोपर आत गेलेले असते. सोबत्याने आणीबाणीची दोरी, म्हणजे पट्ट्याच्या कडेने बांधलेली, ओढली की पट्टा बंद करणारी दोरी, ओढली. पट्टा थांबला नाही. सारखा ट्रिप होतो, म्हणजे उगाच पट्टा बंद पाडतो, म्हणून दोरीचा स्विच वायरचा तुकडा लावून बायपास, म्हणजे निकामी, केलेला होता. शेवटी कोणीतरी पॅनेलपर्यंत पळत गेले. पोरगा वाचला, हात गेला.

तो वायरचा तुकडा मी आठ दिवस आधी पाहिला होता. मालकाला तोंडी सांगितले, जॉइंट मारला, पैसे घेतले आणि घरी आलो. हे पत्र त्यामुळेच लिहितो आहे.

अपघातानंतर सगळे म्हणतात, पोराने चालू पट्ट्यात हात घातलाच का? साहेब, त्याला तिथे हात घालावा लागतो, कारण पट्टाच तसा उभारलेला असतो. चुटमधून, म्हणजे माल सोडणाऱ्या घसरणीतून, माल पट्ट्याच्या मधोमध पडायला हवा. तो एका बाजूला पडला की पट्टा सरकतो आणि कडेने खडी सांडते. स्कर्टचे, म्हणजे माल कडेने सांडू नये म्हणून लावलेल्या पट्टीचे, रबर झिजलेले असते. पुढच्या पुलीवर पट्टा खरवडून साफ करणारा स्क्रेपर नसला की ओली कच पट्ट्याला चिकटून परत येते आणि खालच्या रोलरवर, टेलपाशी गळते. खडीच्या पट्ट्याला साधारण 18 अंशांपर्यंतचा चढ मानवतो. जागा वाचवायला त्याहून उभा केला, तर दगड मागे गडगडतात आणि ढीग पुन्हा टेलपाशीच होतो. त्यातून लोखंड वाचवायला टेल जमिनीला टेकवलेली. खाली वीतभरही जागा नाही, म्हणून माणूस उकिडवा बसून उपसतो.

जाळीचेही तसेच. बहुतेक ठिकाणी टेलचे जाळीचे गार्ड असते, पण शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेले. एका गार्डमधून तर गवत वर आलेले मी पाहिले आहे. ग्रीस मारायला सहा बोल्ट खोलायचे, पुन्हा लावायचे, रोज कोण करणार? बेअरिंगच्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) नळी जोडून ती जाळीबाहेर आणली की गार्ड काढायची गरजच उरत नाही. अशा नळ्या मी स्वतः बसवल्या आहेत. दोन्ही बाजूंचे काम एका दुपारी होते.

आणखी एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. चढाचा पट्टा खडीने भरलेला असताना वीज गेली, तर तो उलटा धावतो. त्याला धरायला होल्डबॅक, म्हणजे पट्टा उलटा फिरू न देणारा अडथळा, लागतो. पट्टा बंद दिसला म्हणून माणूस खाली शिरलेला असतो, तेव्हाच हे होते. वीज परत आल्यावर पट्टा आपोआप सुरू होता कामा नये. आधी भोंगा वाजावा, मगच तो हलावा. आणि आत शिरणाऱ्याने पॅनेलला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी.

यातले काहीच नवे नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवे, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 21 मध्ये लिहिलेले होते. कन्व्हेअरच्या सुरक्षेसाठी आयएस 7155 हे भारतीय मानकही आहे. पण खाण बघणारे खाते केंद्राचे, कारखाना बघणारे राज्याचे, आणि खाणीला लागून असलेला क्रशरचा पट्टा दोघांच्या मधे राहतो.

गौण खनिजाचे काम मात्र आपल्या कार्यालयातून चालते. किती ब्रास खोदले ते मोजायला आपली माणसे येतात, वाहतूक पास तपासतात. तीच माणसे पट्ट्याजवळून चालत जातात. त्यांनी जाता जाता पट्टा रिकामा चालवायला सांगून दोरी ओढून पाहावी. दोन्ही बाजूंची, टेलजवळची आणि मधलीही. टेलला गार्ड आहे का ते पाहावे आणि पंचनाम्यात दोन ओळी लिहाव्यात. दोरीने पट्टा थांबत नसेल, तर तो थांबेपर्यंत नूतनीकरणाच्या कागदावर सही करू नये. क्रशरचा मालक दंड भरून मोकळा होतो, परवानगी अडली की मात्र त्याच दिवशी मला फोन करतो. बायपासची वायर काढून स्विच नीट बसवायला मला तासभर पुरतो.

कुठले स्विच, कुठल्या पुल्या, काय पाहायचे, हे आपल्या मंडळ अधिकाऱ्यांना आणि तलाठ्यांना दाखवायला मी कधीही यायला तयार आहे. त्यासाठी मानधन नको. पावसाळ्याआधी बोलावलेत तर बरे होईल, ओली कच तेव्हापासून साचायला लागते.

आपला,
अंबड येथील एक फिटर