ब्लॉकचा रंग सगळे बघतात, खालचा मुरूम कोण बघतं?

संपादक साहेब, नमस्कार.

घर बांधण्या-सजवण्याबद्दल पेपरात रंग, पडदे, किचन सगळं येतं, पण गेटपासून पार्किंगपर्यंत जे पेव्हर ब्लॉक बसवतात त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. आमचीच फजिती झालीय. ब्लॉक निवडण्यात आम्ही तीन रविवार घालवले, लाल की राखाडी यावरून घरात भांडणं, आणि खाली काय टाकणार हे काम करणाऱ्याला एकदाही विचारलं नाही. पहिल्याच पावसात गाडीची चाकं जिथून जातात तिथे दोन लांब चर पडले. उकरून बघितलं तर मातीवर थेट वाळू आणि वाळूवर ब्लॉक! ब्लॉक एकही फुटला नव्हता, खालची जमीनच बसली होती.

आता शिकलो ते सांगतो. कारसाठी 60 मिमी जाडीचा ब्लॉक चालतो, ट्रक-टँकर आत येणार असेल तर 80 घ्या. त्याखाली 30-40 मिमी जाडसर वाळू आणि त्याखाली दाबून बसलेला खडी-मुरूमाचा थर निदान 150 मिमी, काळी चिकट माती असेल तर अजून जास्त. म्हणजे खोदाईच 250 मिमी झाली. 4 बाय 10 मीटर जागा धरली तर माती निघते 10 घनमीटर, आणि उकरल्यावर ती फुगते, ती टाकायची कुठे हे आधी ठरवा नाहीतर आमच्यासारखा गेटसमोर डोंगर होतो. 200 बाय 100 मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला 50 लागतात, म्हणजे 2000, आणि कडेला कापण्यात वाया जातात म्हणून शंभर-दोनशे जास्तीचे, तेही एकदमच मागवा कारण नंतरच्या लॉटची शेड जुळत नाही. मुरूम हिशोबाने 6 घनमीटर निघतो पण दाबल्यावर बसतो म्हणून दीडेक घनमीटर जास्त लागतोच.

मुरूम एकदम ओतून मशीन फिरवू देऊ नका, वरवरचाच आवळतो, दोन थरांत दाबून घ्या. ढाळ मीटरला 2 सेंमी, घरापासून लांब, आणि तो मुरूमातच काढायचा, वाळू कमीजास्त टाकून नाही. कडेला काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले कर्ब (काठाचे उभे ठोकळे) पाहिजेतच, ते नसले की ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. गाडी फिरते तिथे झिगझॅग डिझाइनच बरं, ब्लॉक एकमेकांना धरून राहतात (या एका बाबतीत बायको बरोबर होती). शेवटी सांध्यात बारीक कोरडी वाळू झाडून भरायची, वरून कॉम्पॅक्टर (दाबायचं मशीन) फिरवायचा, परत वाळू. सिमेंटचं पाणी ओतायला लावू नका, ते तडकतं आणि उद्या खालून पाइप न्यायचा झाला तर ब्लॉक फोडावेच लागतात.

आमचं काम सध्या दुसऱ्यांदा चालू आहे. ब्लॉक तेच वापरतोय, तेवढं तरी वाचलं. त्यांना चिकटलेली माती-वाळू घासत संध्याकाळी सगळं घर अंगणात बसलेलं असतं.

आपला,
एक वाचक