झांस्करच्या घळीतल्या दाजूंना

दाजू, नमस्कार. लडाखमधल्या झांस्कर नदीवर तुम्ही आमच्या राफ्टचे गाइड होतात. नेपाळीत मोठ्या भावाला दाजू म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

मनातलं मला मराठीतच नीट लिहिता येतं, म्हणून हे पत्र मराठीत. अक्षरं तुमच्या नेपाळीचीच आहेत, निम्मं तरी लागेल. उरलेलं राफ्टवर येणाऱ्या एखाद्या मराठी पाहुण्याकडून वाचून घ्या.

मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. कानातली मशीनं पाण्यात चालत नाहीत. ती ड्राय बॅगेत गेली की समोरच्याचे ओठ वाचायचे, एवढंच उरतं. बुकिंग करतानाच मी हे स्पष्ट कळवते. तुमच्या आधी ज्यांना कळवलं, त्यांची वागणूक अजून सलते. एकांनी माझा मेल वाचून फोन केला तो माझ्या नवऱ्याला, "बाईंची जबाबदारी कोण घेणार?" म्हणून. आमच्या सह्याद्रीतल्या एका नदीवर तर पैसे पूर्ण घेतले आणि काठावर गेल्यावर माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं. मला राफ्टच्या मधोमध बसवलं, सामान ठेवतात तसं. पन्नाशीची बाई मी, उभं आयुष्य डोंगर चढण्यात गेलेलं. त्या दिवशी संतापाने रडू आलं होतं.

कारगिलहून 'पेन्सी ला' ही खिंड ओलांडून पदुम गावी आले तेव्हा मनात तीच धास्ती होती. स्तोद आणि त्सारप या नद्या तिथे मिळतात आणि झांस्कर सुरू होते. सुमारे ३६०० मीटर उंची, हिमनद्यांचं पाणी, पुढे निम्मूपर्यंत घळच घळ. इथेही मला 'सांभाळून घेतील' अशीच भीती होती.

तुम्ही मला वल्हं दिलंत. डाव्या बाजूला, तुमच्या अगदी पुढ्यात बसवलंत आणि खुणा ठरवून टाकल्यात. पुढच्याचं वल्हं बघून मारायचं. पाठीला तुमच्या पायाचा एक ठोका लागला की थांबायचं, दोन लागले की खाली बसायचं. बाहेर पडलेच तर डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतल्या कयाकवाल्याला कळेल की मी ठीक आहे. रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्यात, लाटेने तोंडावर फटका मारला की काही दिसायचं नाही, पण पाठीवरचा ठोका बरोबर कळायचा. त्या घळीतलं पाणी मीही कापलंय, दाजू. कुणी मला पार नेलं नाही.

पण मला आभार मानायचेत ते रात्रीच्या एका गोष्टीचे.

जेवणं झाल्यावर सगळे वाळूवर गोल करून बसले होते. अंधार पडला होता, प्रत्येकाच्या कपाळावर हेडलॅम्प. अशा वेळी बोलणाऱ्याच्या दिव्याचा झोत माझ्या डोळ्यांत येतो आणि त्याचं तोंड काळोखात जातं. तुम्ही त्सारपची हकिकत सांगत होतात. सगळे पुढे झुकले होते आणि मी नेहमीसारखी हसरा चेहरा करून बसले होते. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "नंतर सांगते." हे 'नंतर' कधी येत नाही, हे माझ्यासारख्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

तुम्ही बोलता बोलता थांबलात. कपाळावरचा दिवा काढलात, हातात धरून स्वतःच्याच तोंडावर झोत टाकलात, तोंडावर ओढलेलं गळ्यातलं कापड, बफ, हनुवटीखाली ओढलंत आणि गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितलीत. २०१४च्या शेवटी फुकताल मठाच्या बाजूला डोंगर कोसळून नदी कशी अडली, मागे तळं कसं साचलं, मे २०१५मध्ये ते फुटून खालचे पूल कसे वाहून गेले. मग त्यावर कुणी काय विनोद केला होता, तोही सांगितलात. झोत डोळ्यांवर येत होता, तुम्ही पापण्या मिचकावत होतात, पण हात खाली घेतला नाहीत. कुणाला "दिदीला ऐकू येत नाही" असं सांगितलं नाहीत. दुसऱ्या रात्री बाकीचेही न सांगता तसाच दिवा धरून बोलू लागले.

हे तुम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं असेल असं मला वाटत नाही. समोरचं माणूस गोष्टीबाहेर राहिलंय, हे तुमच्या नजरेला आपसूक दिसलं. माझ्या घरात, बँकेत, लग्नकार्यात किती शिकलेली, प्रेमळ माणसं आहेत, त्यांना हे वर्षानुवर्षं दिसलेलं नाही. चांगुलपणा म्हटला की लोकांना देणग्या, सत्कार आठवतात. मला यापुढे तो झोतात मिचकावणारा चेहरा आठवेल. आणि ज्यांनी माझं वल्हं काढून घेतलं, त्यांनी एकदा तुमच्या राफ्टवर बसावं, असं अगदी मनापासून वाटतं.

निम्मूला सिंधूच्या संगमावर उतरलो तेव्हा राफ्टमधली हवा काढायची, ट्रक भरायचा, एकच गडबड होती. मी मशीनं कानात घालेपर्यंत तुम्ही ट्रकवर चढला होतात. तेव्हा राहून गेलेले आभार आज मानते.

लडाखचा मोसम संपवून दसैंला, तुमच्या दसऱ्याला, घरी जाल, तेव्हा घरच्या मोठ्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
दिदी (नाशिक)