बाटल्यांवर लिहिलेलं 'विष'

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल रात्री लेकाबरोबर 'यंग टॉम एडिसन' पाहिला. १९४० सालचा, कृष्णधवल. मिकी रूनी टॉम झालाय. मला वाटलं, पोरगा दहा मिनिटांत उठून जाईल. पण आईच्या ऑपरेशनला उजेड पुरत नाही म्हणून टॉम आरसे आणि दिवे जमवतो, तिथे तो मला घट्ट चिकटून बसला. तो प्रसंग दंतकथेतलाच, पण आम्हा दोघांचे श्वास अडकले होते.

बाबा, तुम्ही मागे ग्रुपवर चिठ्ठीची गोष्ट पाठवली होतीत ना, शाळेने मुलाला मंद ठरवलं आणि आईने चिठ्ठी बदलून वाचली, ती खरी नाही. खरं घडलं ते याहून भारी आहे. 'याचं डोकं ठिकाणावर नाही' हे मास्तरांचं बोलणं टॉमने स्वतः ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. त्याची आई नॅन्सी एडिसन तडक शाळेत गेली, मास्तरांशी भांडली आणि त्याला घरीच शिकवू लागली. ती पूर्वी शिक्षिकाच होती. पोर्ट ह्यूरनच्या घरातलं तळघर त्याने प्रयोगांसाठी बळकावलं, तेही तिने चालवून घेतलं. कुणी हात लावू नये म्हणून त्याने तिथल्या बाटल्यांवर 'विष' असं लिहून ठेवलं होतं!

चौथीत बाई वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." आई, तू ओले हात पदराला पुसत तशीच निघालीस. परत आल्यावर एवढंच म्हणालीस, "चल, जेवून घे."

आणि बाबा, मी रेडिओ खोलला तेव्हा तुम्ही केवढे चिडला होतात! पण संध्याकाळी सगळे स्क्रू वेचून वाटीत घातलेत, वाटी आणि स्क्रूड्रायव्हर माझ्यासमोर ठेवलात. "आता जोड." तो रेडिओ पुन्हा कधी वाजला नाही. तुम्ही मात्र मला दुसऱ्या दिवशी जुनं घड्याळ आणून दिलंत.

नॅन्सी १८७१ मध्ये गेली. फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. मुलाने आवाज साठवून दाखवला, तो तिच्या कानांवर पडलाच नाही. सिनेमा टॉम मोठा होण्याआधीच संपतो, त्यामुळे हे त्यात नाही. मला रात्रभर तेच आठवत राहिलं, म्हणून सकाळी लिहायला बसले.

आई, त्या दिवशी तू बाईंना काय म्हणालीस? फोनवर नको, पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा सांग.

तुमची,
लेक