धुके नव्हे, धुरके

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर पूर्व द्रुतगती महामार्गाचे छायाचित्र होते आणि खाली ओळ होती, ‘मुंबईने पांघरली धुक्याची दुलई’. ते पाहून नात म्हणाली, ‘आजोबा, महाबळेश्वरसारखं!’ मी तेव्हा गॅलरीच्या कठड्यावरून ओले फडके फिरवत होतो. कठडा आदल्याच दिवशी पुसलेला, तरी फडके काळे झाले.

मी मूळचा निफाडकडचा. आमच्याकडे धुई पडली की द्राक्षबागायतदाराची झोप उडते. पाने ओली राहतात आणि डावणी या बुरशीच्या रोगाला आयते निमंत्रण मिळते. पण उन्हे वर आली की धुई विरते. मुंबईतले हे प्रकरण दुपारी बारालाही जागचे हलत नाही, आणि स्कूटरच्या सीटवर दव नव्हे, धूळ ठेवून जाते. हवामानशास्त्राच्या हिशेबातही हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंब असतील आणि दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली असेल, तरच ते धुके.

त्याच अंकात आतल्या पानावर या हवेला ‘स्मॉग’ म्हटले होते. तो शब्द निदान खरे बोलतो. १९०५ मध्ये लंडनचे डॉ. हेन्री दे व्हो यांनी तो चलनात आणला. इंग्रजीतले ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ एकत्र बांधले, कारण तिथल्या धुक्यात घरोघरच्या कोळशाचा धूर मिसळत असे. डिसेंबर १९५२ मध्ये हाच स्मॉग पाच दिवस लंडनवर बसून राहिला आणि हजारो माणसे दगावली. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला.

यावर कोणी म्हणेल, मुंबईत कुठे धुके असते? ही तर कोरडी धूळ आणि धूर. शंका रास्त आहे. पण लॉस एंजेलिसच्या तपकिरी हवेत तरी धुके कुठे होते? मोटारींच्या धुरावर ऊन पडून तिथे ओझोन तयार होत होता. तरी लोक त्याला स्मॉगच म्हणाले आणि शब्दाचा अर्थ रुंदावला. मराठीत ‘धुरके’ आहेच, तोही धूर आणि धुके यांच्या जोडणीतून आलेला, आणि कानाला अजिबात परका न वाटणारा. तोही असाच रुंदावेल, वापरला तर. सध्या तो अग्रलेखात कधीमधी दिसतो; छायाचित्राखाली मात्र दुलई, चादर, शाल असे सगळे अंथरूण-पांघरूण निघते. नातीच्या दप्तरात इनहेलर असतो, त्यामुळे मला या दुलईचे कौतुक जरा कमीच.

मथळ्यात जागा पुरत नाही, ही सबब कृपया सांगू नये. ‘धुके’पेक्षा ‘धुरके’मध्ये एकच अक्षर जास्त आहे.

आपला,
एक जुना वाचक, मुलुंड