अडलेली शेळी सकाळपर्यंत थांबत नाही, मंत्रीसाहेब

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शेळीवाटपाच्या कार्यक्रमात आम्हा बायांना स्टेजवरून सांगितलं होतं, जनावर अडलं तर एक फोन करा, डॉक्टरांची गाडी दारात येईल. परवा रात्री माझी पहिलारू शेळी अडली. फोन केला. उत्तर मिळालं, गाडी सकाळी निघेल.

सकाळपर्यंत काय उरतं, साहेब? पाणमोट फुटली, जोराच्या कळा अर्धा-पाऊण तास आल्या आणि तरी करडू येत नाही, तर मदत लागतेच. शेजारची जिजी म्हणाली, "माय, आते थांबू नको. हात घाल."

नखं कापली, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. बाहेर एकच खूर दिसत होता. नीट येणाऱ्या करडाचे पुढचे दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड आधी येतं. इथे एक पाय आत मुडपलेला, मान मागे वळलेली. तसंच ओढलं असतं तर शेळीही गेली असती. कळ ओसरली की करडू हलकेच आत सारायचं, खूर मुठीत झाकायचा म्हणजे गर्भपिशवी फाटत नाही, पाय सरळ करायचा, तोंड पुढे आणायचं, मग कळेबरोबर खालच्या अंगाला ओढायचं. जिजी सांगत होती, शेळी ओरडत होती, माझं मनगट आत आवळून बधिर झालं होतं. पहिलं करडू मेलेलं निघालं. मागून पाट, म्हणजे मादी करडू, आली. नाकातोंडातला चिकटा पुसून अंग चोळलं, तेव्हा ती शिंकली. तिला चीक पाजला. नाळेला लावायला आयोडिन नव्हतं, हातात मोजे नव्हते. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा रोग अशा वेतातून माणसालाही लागू शकतो, हे नंतर कळलं. शेळ्या देताना कोणीच का सांगितलं नाही?

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांच्यावर राग नाही, त्यांच्या गळ्यात दुसऱ्याही दवाखान्याचा कार्यभार आहे. राग तुमच्यावर आहे. 5,000 मोठ्या जनावरांएवढ्या पशुधनामागे एक डॉक्टर हवा, असं राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्ये सांगितलं. 2019 च्या पशुगणनेत राज्यात शेळ्याच एक कोटीच्या वर. आणि फिरत्या दवाखान्याची गाडी लाख जनावरांमागे एक! लाख जनावरं काय दिवसाउजेडीच वितात?

विम्याचं म्हणाल, तर बिल्ला असलेली शेळी मेल्यावर शवविच्छेदनाचा दाखला आणायचा, मग पैसे. पोटात मेलेल्या करडाच्या कानात बिल्ला कुठून आणू?

कापसाचा भाव पडला, केळी वादळात झोपली, की आमच्या घरात विकायला बोकडच असतो. पोरांची फी त्यावर, म्हाताऱ्यांची औषधं त्यावर. आणि शेळीचंच कशाला, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या बायाही अशाच रात्री अडतात, झोळीतून डोंगर उतरतात. रात्र झाली की सरकार संपतं, हेच आम्ही बघत आलोय. उद्घाटनाला मात्र मांडव, हार, फोटो, सगळं वेळेवर.

तालुक्याला रात्रपाळीचा एक डॉक्टर नेमा. प्रत्येक गटातल्या दोघी-तिघींना दवाखान्यात नेऊन, हाताने करून शिकवा. मोजे, आयोडिन, वंगणाचं जेल शेळीबरोबरच द्या, त्याला फार पैसा लागत नाही. आमच्या गटातल्या आणखी शेळ्यांचे पाच महिने भरत आलेत. लेखी उत्तर पाठवा आणि ते त्यांच्या वेताआधी पाठवा.

आपली,
खानदेशातली एक शेळीपालक