प्रश्न बाबांनाच विचारा

अंध पालक असलेल्या कुटुंबांनी लोकांच्या नजरांकडे 'सरळ दुर्लक्ष करावे', असा सल्ला देणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. तो पटला नाही. माझे पती पूर्ण अंध आहेत. त्या नजरा त्यांना दिसत नाहीत. त्या झेलते आमची सात वर्षांची मुलगी. पांढरी काठी पाहून रांगेतली माणसे वळून बघू लागली, की ती मान खाली घालते आणि बाबांचे बोट आणखी घट्ट धरते. परवा एका दवाखान्यात ते शेजारीच उभे असताना 'बाबांचं वय काय गं?' हे तिला विचारले गेले. उत्तर बाबांनी दिले, तरी पुढचा प्रश्न पुन्हा तिलाच! इतक्या लहान मुलीने दुर्लक्ष करायला शिकायचे तरी कसे? अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार कलम ८ मध्ये समाजातील पूर्वग्रह दूर करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकतो, कुटुंबांवर नव्हे. कुतूहल वाटणे गैर नाही. ते वाटले तर पुढे येऊन थेट माझ्या पतींशीच बोलावे. काठी कशी वापरतात, हे ते आनंदाने सांगतात.

– एक वाचक